पेठांत अडकलेले पोस्टमास्तर

आमच्या पोस्टमास्तरांचा पोस्टाशी काडीचाही संबंध नव्हता. ते इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी कामाला होते, तिथे साखर कारखान्यांसाठी कंट्रोलची यंत्रं बनायची आणि त्या यंत्रांचं डोकं म्हणजे हे गृहस्थ. पण त्यांना काहीही विचारा, उत्तर एकाच वाक्यानं सुरू व्हायचं, "समज, तू पोस्टमन आहेस." कॅन्टीनमधल्या आचाऱ्यापासून खुद्द शेठपर्यंत प्रत्येकाला त्यांनी एकदा तरी पोस्टमन करून नाशिकभर हिंडवलं होतं. तेव्हा त्यांना पोस्टमास्तर हे नाव पडलं यात नवल नाही. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं.

मी सत्त्याहत्तर साली आयटीआय करून ट्रेसर म्हणून लागले. इंजिनिअर लोक पेन्सिलीनं जे काही गिरगटतील ते ट्रेसिंग पेपरवर शाईनं नीट उतरवायचं, हे माझं काम. उपनगरच्या बाजूला, विहाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. तिथून सातपूर म्हणजे दोन बस आणि वर पायपीट. घरातली नोकरी करणारी पहिली मुलगी मी, त्यामुळे कुणाला भ्यायचं नाही असं ठरवूनच गेले होते. मास्तरांचा पहिला कागद टेबलावर आला तेव्हा मी सरळ विचारलं, "साहेब, हे सर्किट आहे की मुंग्यांची वरात?" सगळं ड्रॉइंग ऑफिस माना वळवून बघायला लागलं. मास्तर मात्र हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसे, नुसते खांदे हलायचे. मग स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "काय नाव तुझं? सुजाता? बरं. समज, तू पोस्टमन आहेस."

त्या दिवशी मला कळलं ते असं. कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे घरांची रांग. दर घराला नंबर, दर घरात एक आकडा राहतो. प्रोसेसर हा पोस्टमन. त्याच्याकडे घराचा नंबर सांगायला सोळा तारा असतात, आणि सोळा तारांवर मावतील तेवढेच नंबर त्याला माहीत. त्यापुढे तुम्ही कितीही घरं बांधा, पोस्टमन तिकडे फिरकणारच नाही. "मग मोठा पोस्टमन आणायचा," मी म्हटलं. "आणू की. परदेशातून, लायसन्स काढून. तोवर ऊस वाळेल," मास्तर म्हणाले. "त्यापेक्षा असं बघ. रविवार पेठेत बारा नंबरचं घर आहे. भद्रकालीतही बारा नंबर आहे. नंबर तोच. पोस्टमनला एवढंच सांगायचं, की बाबा रे, आत्ता तू कुठल्या पेठेत उभा आहेस."

अशी ती युक्ती. जगात आणखी हुशार माणसांनाही ती सुचली होती, हे मी पुढे वाचलं. पण मास्तरांनी ती सातपूरला बसून, कुणाला न विचारता, स्वतःच्या डोक्यानं काढली होती, आणि एवढ्याशा प्रोसेसरकडून ते मोठ्या यंत्राचं काम करून घेत होते. मेमरीच्या प्रत्येक भागाला त्यांनी नाशिकचं नाव दिलं होतं. पंचवटी, भद्रकाली, गंगापूर, सातपूर. मी ड्रॉइंगवर ही नावं शाईनं लिहायची आणि बाहेरून कुणी इंजिनिअर आला की तो चक्रावून विचारायचा, हा नकाशा शहराचा आहे की यंत्राचा.

या सगळ्या पेठांच्या मधे एक जागा मास्तरांनी राखून ठेवली होती, जी कुठल्याही पेठेतून दिसायची. तिचं नाव द्वारका. एका पेठेतून दुसरीत जायचं तर आधी द्वारकेच्या चौकात यायचं आणि तिथून वळायचं. हा त्यांचा पहिला नियम. "पेठेत उभं राहून पेठ बदलायची नाही," असं ते दर आठवड्याला कुणाला तरी बजावत. का, तर प्रोसेसर ज्या पेठेतल्या सूचना वाचत चाललाय तीच पेठ मधेच बदलली, की पुढची सूचना भलत्याच गावची निघते आणि यंत्र जागच्या जागी ठप्प. "पायाखालची सतरंजी स्वतःच ओढल्यासारखं होतं ते," ते म्हणायचे.

आता हुशार माणसं कुठे चुकतात बघा. मास्तरांनी पेठांत सूचना अशा काही ठासून भरल्या होत्या, की एक इकडची तिकडे केली तर चार ठिकाणी गळती. भद्रकालीतली अर्धी सूचना पंचवटीत उपयोगी पडायची, गंगापूरमधला एक आकडा तीन कामं करायचा. काटकसर म्हणून केलेलं, आणि मेमरीच्या चिप तेव्हा अशा दुर्मिळ, की शेठ त्या तिजोरीत ठेवायचा. पण त्यामुळे झालं काय, तो सगळा संसार एकाच माणसाच्या डोक्यात राहिला. साखर कारखान्याला एखादा नवा पंप जोडायचा झाला की पेठा नव्यानं लावाव्या लागत, आणि त्या लावणारा देशात एकच. हंगाम सुरू झाला की फोन यायचे. "मास्तरला पाठवा, दुसरं कुनी नको. उसाच्या गाड्या उभ्या हायेत गेटवर." मास्तर पिशवी उचलून निघायचे.

"पेटंट घ्या," असं मीच त्यांना एकदा म्हटलं होतं. कुठेतरी वाचलं होतं, शोध लावला की पेटंट घेतात. मास्तर म्हणाले, "मी शेठला दोनदा म्हटलं. नावासाठी नव्हे गं. पेटंट घ्यायचं तर सगळं लिहून द्यावं लागतं, कुणीही वाचून करू शकेल असं. एकदा ते जगाच्या हवाली झालं की माझ्या डोक्यातून उतरेल." शेठनं काय सांगितलं, तर लिहून दिलं की जगाला कळतं, आपलं आहे ते आपल्यात राहू द्या. मास्तरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण."

पेठा लावून बघायचं यंत्र ज्या खोलीत होतं ती कारखान्यातली एकमेव थंड खोली. धूळ जायला नको म्हणून चपला बाहेर काढायच्या. खिडकी नाही, दार जाडजूड, आपोआप बंद होणारं. मास्तरांना बंद दाराचा मनस्वी कंटाळा. ते दारात पुठ्ठा अडकवून ठेवायचे आणि कुणीतरी, हवा जाते म्हणून, तो काढून टाकायचं. रोजचा खेळ. शेठ सकाळी आला की आधी त्या दाराकडे नजर टाकायचा. बाहेर मास्तरांच्या चपला दिसल्या की शेठच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं. गोठ्यात गाय आहे ना, बघून घेतल्यासारखं.

पण शेठ वाईट माणूस नव्हता, आणि हीच तर रडकथा. तो ओरडला असता, अपमान केला असता, तर मास्तर केव्हाच सुटले असते. शेठ कधी आवाज चढवायचा नाही. दिवाळीला वहिनींना साडी, मुलीच्या बारशाला पाळणा, मास्तरांना स्कूटर. "मास्तर, तुम्ही म्हणजे घरातले," हे त्याचं पालुपद. गोड बोलून बांधून ठेवण्यात त्याचा हात धरणारा नाशकात नव्हता. आणि मास्तरांना 'नाही' हा शब्द उच्चारताच यायचा नाही. त्यांचं सगळ्यावर एकच उत्तर, "बघू."

एकाच गोष्टीविषयी ते "बघू" म्हणत नसत, ती म्हणजे उजेड. साखर कारखान्यात मोठाल्या मोटारी चालू-बंद झाल्या की तांब्याच्या तारेतून जाणाऱ्या बारीक संदेशात खरखर शिरायची आणि आकडे चुकायचे. मास्तरांनी तार काढली आणि काचेचा केसाएवढा धागा टाकला. एका टोकाला लुकलुकणारा छोटा दिवा, दुसऱ्या टोकाला तो दिवा ओळखणारा डोळा. मोटारी कितीही गुरगुरल्या तरी उजेडाला काय त्याचं? धाग्याला वळण दिलं तर उजेडही आतल्या आत वळत जायचा. हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे, की आपल्याला आत्ताच दिसतंय असं वाटावं. "एकदा घातला की विसरायचं बघ," ते म्हणायचे. "याला माझी गरज नाही." पेठांबद्दल असं त्यांना कधीच म्हणता आलं नाही.

ब्याऐंशीच्या सुमारास बंगलोरच्या एका सरकारी प्रयोगशाळेनं त्यांना बोलावलं. काचेच्या धाग्यातून टेलिफोनची बोलणी कोसकोस कशी न्यायची, यावर तिथे काम सुरू होत होतं, आणि मास्तरांच्या साखर कारखान्यातल्या धाग्याची बातमी कुणाकडून तरी तिथवर गेली होती. अट एक, सध्याच्या कंपनीनं रीतसर मोकळं केलं पाहिजे. मास्तर पेढे घेऊन आले होते. त्या माणसाला मी तेवढ्या एका दिवशी मोठ्यानं बोलताना ऐकलं. वहिनींनी तर त्याच आठवड्यात मेन रोडवरून प्रवासात अंथरूण बांधायचा नवा होल्डॉल आणला.

शेठनं पेढा खाल्ला. मास्तरांना जवळ बसवलं. म्हणाला, "जा ना, मी कोण अडवणारा? फक्त तुमच्यासारखा एक माणूस तयार करा आणि जा." मास्तर खुशीत बाहेर आले. त्यांना वाटलं, दार उघडलं. मला तिथल्या तिथे दिसलं, की दार उघडं दाखवून कडी बाहेरून लावलीय.

कारण मास्तर ज्याला शिकवायचे तो खरोखरच शिकायचा. पहिला सिन्नरकडचा मुलगा, वर्षभरात पेठांत तरबेज झाला आणि पुण्याच्या बड्या कंपनीनं त्याला दुप्पट पगारावर उचलला. दुसरा देवळालीचा, तो आखातात गेला. तिसऱ्यानं तर शिकता शिकताच नोकरी बदलली. जो तयार व्हायचा तो उडायचा, आणि जो तयार करायचा तो तिथेच. दर वेळी मास्तर त्या पोराला स्टेशनवर पोचवायला जायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या चपला दाराबाहेर. मी चिडून म्हटलं, "अहो, जरा अर्धवट शिकवत जा की. म्हणजे पळणार नाहीत." मास्तर म्हणाले, "अर्धवट कसं शिकवतात, ते मला येत नाही गं."

मग मी ठरवलं. आपण शिकायचं. मी कुठे पळणार होते? आई एकटी, धाकटा भाऊ शाळेत, आणि पुणं-आखात माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी पेठा शिकले असते, शेठला माणूस मिळाला असता, मास्तर बंगलोरला गेले असते. मी स्वतःच शेठच्या केबिनमध्ये गेले आणि हे सांगितलं. ट्रेसरची नोकरी करणारी मुलगी, पण कामाला चोख, हे शेठला माहीत होतं. म्हणाला, "मास्तरांचं काय म्हणणं?" मास्तरांना आत बोलावलं, तर ते म्हणाले, "बघू." आणि जाता जाता, "शिकवतो."

दुपारी ड्रॉइंगचं काम आटोपलं की मी स्टोअरच्या मागच्या खोलीत जायची. पहिल्या दिवशी मी वही-पेन घेऊन गेले, तर टेबलावर शाळेत असतो तसला सूक्ष्मदर्शक, ब्लेड आणि काचेच्या धाग्याचं रीळ. "हे कशाला?" "आधी हात बसू दे," मास्तर म्हणाले. "पेठा कुठे पळून जात नाहीत." मला वाटलं, असेल काही पद्धत. आमच्याकडे ट्रेसिंगलाही आधी नुसत्या रेघाच मारायला लावतात.

काचेचा धागा कापणं म्हणजे दोरा कापणं नव्हे. ब्लेडचा नुसता ओरखडा द्यायचा, आणि हलकेच ओढून तुकडा पाडायचा. टोक आरशासारखं सपाट आलं पाहिजे, नाहीतर उजेड तिथेच विखुरतो. मग दोन टोकं बारीक काचनळीत समोरासमोर भिडवायची, एका रेषेत, केसाच्याही अंशाचा फरक नको. माझी पहिली कित्येक टोकं बघून मास्तर म्हणायचे, "ही करवत झाली." पण शाईनं रेघा मारून मारून माझा हात तयार होता. एके दिवशी मी सांधा जोडला आणि पलीकडे उजेड मोजणारा काटा जवळपास खाली आलाच नाही, म्हणजे उजेड सगळाच्या सगळा पार गेला. मास्तर खाली वाकून बघत राहिले. "सुजाता," ते म्हणाले, "तुझा हात थरथरत नाही." एवढंच. घरी जाताना मला बसमध्ये उभं राहायला लागलं होतं, आणि तरी मला बसल्यासारखं वाटत होतं.

असे दिवस गेले, महिने गेले. उजेड किती वाकतो, कुठे निसटतो, दिवा कुठला चांगला, धागा ताणला तर काय होतं, सगळं मला यायला लागलं. पेठांचं मात्र घोडं पेंड खायचं. मी विचारलं की "पुढच्या महिन्यात". मग हंगाम. मग "हंगाम संपू दे". बंगलोरहून दोनदा विचारणा झाली, येताय ना. वहिनी मला बाजारात भेटल्या की विचारायच्या, "कुठवर आलंय गं तुझं?" मी म्हणायची, "झालंच." माझ्या मनात यायचं, या माणसाला उजेडाचं इतकं वेड आहे, की सुटण्याचा रस्ताही विसरला.

आणि मग एक दिवस शेठनं मला बोलावलं. टेबलावर बाँडचा कागद टाइप होऊन तयार. अमुक वर्षं मी नोकरी सोडणार नाही, सोडली तर इतके भरीन, वगैरे. मी पेन उघडलं सुद्धा. शेठ म्हणाला, "आधी एकदा करून दाखव." थंड खोलीत गेलो. मास्तर कोपऱ्यात उभे. शेठनं एक साधा बदल सांगितला, एका पंपाच्या सूचना पंचवटीतून गंगापूरला न्यायच्या. मी आठवेल तसं करत गेले, आणि यंत्र गपकन बंद पडलं. दिवे विझले. मी पेठेत उभी राहूनच पेठ बदलली होती. नियम मला तोंडपाठ होता. पण तो हातानं कसा पाळायचा, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

शेठच्या चेहऱ्यावरचा आनंद त्याला लपवता आला नाही. "जाऊ द्या मास्तर," तो म्हणाला, "सगळ्यांना कुठे जमतं? तुमची सर कुणाला येणार?" आणि बाँडचा कागद घडी करून खिशात टाकला. मास्तरांनी यंत्र पुन्हा चालू केलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

संध्याकाळी मी त्यांना फाटकाबाहेर बसच्या थांब्यावर गाठलं. माझा आवाज चढला होता, लोक बघत होते, मला पर्वा नव्हती. "दोन वर्षं तुम्ही मला काचा कापायला लावलंत."

"हो."

"पेठा का नाही शिकवल्यात?"

"शिकवल्या असत्या तर तू इथे राहिली असतीस."

"राहणारच होते. त्यासाठीच तर शिकत होते."

"तेच," मास्तर म्हणाले. "तू आज सही केली असतीस. उद्यापासून तुझ्या चपला त्या दाराबाहेर. ते बघून मी बंगलोरला जायचं, आणि तिथे उजेडात बसायचं. मला जमलं नसतं."

"मी तुम्हाला सोडवायला निघाले होते, मास्तर."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. बंगलोरला मी कळवलंय, मला येता येत नाही म्हणून. पण सांधे जोडायला त्यांना हात हवा आहे, असं ते म्हणतात. तुझं नाव दिलंय. मुलाखतीला बोलावतील." रस्त्याकडे बघून ते पुढे म्हणाले, "तुझी बस आली."

मी त्या बसमध्ये चढले नाही. पुढच्याही नाही. मी तिथे उभी राहून त्यांना वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुम्हाला कुणी विचारलं होतं? माझं मी बघून घेतलं असतं. अडकायचं की नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण? त्यांचं बरोबर होतं की चूक, यावर मी आजही स्वतःशी भांडते. त्यांनी मला न विचारता माझं आयुष्य ठरवलं, अगदी शेठ त्यांचं ठरवायचा तसंच. फरक एवढाच, की त्यांनी कडी उघडायच्या बाजूनं फिरवली.

मुलाखत झाली, निवडही झाली. ट्रेसरला अडवायचं शेठला काही कारण नव्हतं, त्यानं मोकळं केल्याचा कागद लगेच दिला. आईला मी भीत भीत सांगितलं, तर ती म्हणाली, "जा तू. शिकलेलं कुनी हिसकून घेत नाय. मी काय, तुझा भाऊ हाय ना माझ्याजवळ." निघायच्या आदल्या दिवशी वहिनींकडे गेले. मला वाटलं होतं, त्या बोलणार नाहीत. त्यांनी पोहे केले, मग माळ्यावरून तो होल्डॉल काढला, झटकला आणि माझ्यापुढे ठेवला. "आमच्यासाठी आणला होता. यानं तरी बंगलोर बघावं," म्हणाल्या. मी मास्तरांवर काही बोलायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं. "त्यांना काही विचारू नकोस. मी विचारून दमले." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

बंगलोरला आमचा पहिला मोठा धागा जोडून झाला, मैलोन्‌मैल लांबीचा, त्यातले निम्मे सांधे माझ्या हातचे. एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू आलं. मी धावत जाऊन नाशिकला कारखान्यात ट्रंक कॉल लावला. टेलिफोनवरच्या बाईनं सांगितलं, पोस्टमास्तर नाहीत, निफाडच्या बाजूला गेलेत, गाड्या खोळंबल्यात. म्हटलं, निरोप द्या, उजेड पोचला. ती म्हणाली, "कुठला उजेड?" मी फोन ठेवला.

मास्तर सुटले ते अठ्ठ्याऐंशी साली. नवे प्रोसेसर आले, त्यांना नंबर सांगायला भरपूर तारा होत्या. मेमरी स्वस्त झाली. पेठांची गरजच संपली. पुण्याहून आलेल्या एका पोरानं सगळं नव्यानं लिहून काढलं, आणि शेठनं मास्तरांना शाल, श्रीफळ आणि मोकळं केल्याचा कागद, तिन्ही एकाच दुपारी दिलं. इतकी वर्षं जो कागद मागून मिळाला नाही, तो न मागता मिळाला. मला वहिनींकडून कळलं तेव्हा मी खोलीत एकटीच मोठमोठ्यानं शिव्या देत होते.

पुढच्या हिवाळ्यात मी दोघांना हट्टानं बंगलोरला आणलं. प्रयोगशाळेत घेऊन गेले. मास्तर वाकून एकेक गोष्ट बघत होते, हात पाठीमागे बांधलेले, कशालाही स्पर्श न करता, दुसऱ्याच्या घरातल्यासारखे. सूक्ष्मदर्शकाखाली मी एक सांधा करून दाखवला. त्यांचे खांदे हलले. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात आमचे प्रमुख आले. मोठे प्रेमळ गृहस्थ. मी ओळख करून दिली, हे माझे गुरू. प्रमुखांनी मास्तरांचा हात हातात घेतला आणि हिंदी-इंग्रजीत माझं तोंडभर कौतुक केलं. म्हणाले, असे सांधे दुसऱ्या कुणालाच जमत नाहीत, हिला आम्ही कुठेही जाऊ देणार नाही.

मास्तरांचं हसू मावळलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये. मी त्यांना घेऊन बाहेर पडले. बाहेर झाडाखाली वहिनी पाणी पीत होत्या. मास्तर म्हणाले, "सुजाता, उद्यापासून कुणाला तरी हे शिकवायला लाग. पूर्ण शिकव. आणि तो जातो म्हणाला, की जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी मी नव्यानं लागलेल्या एका मुलीला माझ्या खुर्चीवर बसवलं. मास्तर त्यानंतर फार काळ राहिले नाहीत. ते गेल्याची बातमी आली तेव्हा ती मुलगी सपाट टोक काढायला शिकली होती. पुढे तिला बाहेर चांगली नोकरी लागली आणि ती राजीनामा घेऊन माझ्यासमोर घाबरत घाबरत उभी राहिली. मी वाचला आणि सही केली. दोन मिनिटं सुद्धा लागली नाहीत. ती गेल्यावर मला रडू नाही आलं, राग आला. इतकं सोपं असतं हे, आणि त्या माणसासाठी एवढं कुणी केलं नाही.